घटांगचा उतार

माय जीव तोडून बोलत होती आणि पोरगा तिच्याकडे पाठ करून जीपची काच पुसत होता. असली रीत मला खपत नाही. परतवाड्याच्या स्टँडवर धारणीच्या त्या जीपमध्ये मी आधीच जागा धरून बसले होते. बाजूला त्याची बायको अमरीन, पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेली.

“फुरकान, घटांगच्या उतारावर गाडी न्यूट्रल करू नको, निसते ब्रेक तापून निकामी होतात.”

“अम्मी, रस्ता सुरक्षावाल्या साहेबानं परवा इथंच स्टँडवर माइकवर सांगतलं. गिअरात उतरणं हा जुना गैरसमज हाय. न्यूट्रलनं इंजिन थंड राहते, डिझेल वाचते.”

“तुहे अब्बा तीस वर्षं गिअरातच उतरले.”

“तवा डिझेल स्वस्त होतं. यंदा कापूस बुडाला, सवाऱ्या कुठं हायेत?”

“उताराच्या आधी ते गाडी उभी करत. चाकाले हात लावून पाहत, तापलं असंन तर थांबत. बाया तवर सीताफळं घेत. तू तान्हा होता, तिथंच सागाखाली बसून मी तुले पाजलं.”

“अन् सवाऱ्या शिव्या देत.”

“देत ना! ते हसून म्हणत, खाली पोचल्यावर पोटभर द्या.”

“साहेब शिकेल-सवरेल हाय, अम्मी.”

“अमरीनले सातवा हाय, बेटा.”

त्यानं फडकं झटकलं. स्टेअरिंगवर जाऊन बसला. मग मीच तोंड उघडलं.

“पोरा, न्यूट्रल करायची असंन तर घाटावर मले उतरव, ह्या पोरीले उतरव. आमी पायी येऊ. त्या साहेबाले बाजूले बसव अन् मंग ने गाडी खाली.”