अठरा वर्षांची स्कॉच

शप्पथ, खरं हाय. म्हणजे थोडं इकडंतिकडं झालं असंल.

आमचा धोंडूदादा बोटीवर कामाला. त्याच्यासाठी मुलगी मागायला आंबेनळीचा घाट चढून गेलो, पाय मोडून आले. मुलीचा बाप चोरून मोहाची दारू गाळायचा, म्हणून दादानं भेट म्हणून बोटीवरची स्कॉच नेलेली. म्हाताऱ्यानं घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

“किती दिवसांची?”

“अठरा वर्षं लाकडी पिंपात होती, मामा.”

“अठरा वर्षं कुणी घेतली नाय, ती मला आणलीस?”

मी म्हटलं, “मामा, तुमची पोरगीपण अठरा वर्षं घरातच हाय. आम्ही काय बोललो का?”

बाटली परत मिळाली, पोरगी नाय. दादा अजून बोलत नाय माझ्याशी. माझ्या चहाचे पैसे तोच द्यायचा रे. आज तू दे.