पहाटेची कवायत आणि मुसेझीचा आळ

मी, श्रीमती रूथ नान्सिकोम्बी, वय ५३, धंदा रस्त्याकडेला चपाती-अंड्याची टपरी, राहणार नाकिगो, मसाका रस्ता, आज बुधवारी दुपारी लुबान्जा पोलीस चौकीत स्वतःच्या पायांनी चालत आले. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे.

मी वरील ठिकाणी एकटी राहते. नवरा वारला आहे. मुलगी किराबो कंपालात नर्सचं शिकते, म्हणून गाव मला किराबोची आई म्हणतं. मला शुगर आहे. माझ्या थोरल्या बहिणीलाही होती. तिचा पाय कापला तेव्हा उरलेल्या एका बुटाचं काय करू, असं तिने मला विचारलं होतं. ती आता नाही. यंदा माझेही तळवे बधिर व्हायला लागले. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या आणि रोज व्यायाम करा म्हणून सांगितलं. कसा करायचा ते शिकवणारं आमच्याकडे कोणी नाही.

तेव्हा किराबोने माझ्या फोनमध्ये व्यायामाचा मास्तर घालून दिला. तो माणूस नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, हे साहेबांनी ठळक लिहावं. तो कॅमेऱ्यातून बघतो आणि लुगांडात बोलतो, आवाज रेडिओवर बातम्या देणाऱ्याचा. चुकलं तर सांगतो, पण खेकसत नाही. माझ्या पायाला फोड आला तेव्हा त्याने उड्या बंद करायला लावून मला आधी नर्सकडे पाठवलं. आता शुगर उतरली आहे. तळव्यांना जमीन पुन्हा लागते.

पायघोळ गोमेसी नेसून गुडघा वर येत नाही, म्हणून किराबोने तिची तपकिरी घट्ट विजार दिली. माझ्या वयाच्या बाईने ती घालून गावासमोर उड्या माराव्यात, एवढी शोभा मला नको होती. म्हणून मी उजाडायच्या आत घरामागे फणसाखाली व्यायाम करते. फोन पालथ्या बादलीवर ठेवून त्याचाच दिवा लावते, नाहीतर मास्तरला माझे गुडघे दिसत नाहीत.

काल मंगळवारी पहाटे शेजारी राहणारे श्री. कालिब्बाला हे शेळी सोडायला उठले. जुळ्यांचे बाप म्हणून त्यांना सगळे सालोंगो म्हणतात आणि त्यांच्या बायकोला नालोंगो. सालोंगोंना कुंपणातून मी दिसले. विजार त्यांना कातडी वाटली. त्यांनी बोंब ठोकली, "धावा रे धावा! मुसेझी! किराबोची आई नागडी नाचतेय!"

साहेब इथले आहेत, तरी कागदावर असावं म्हणून सांगते. मुसेझी अंधारात नागडे नाचतात आणि पुरलेली मढी उकरून खातात, असं लोक मानतात. हा आळ आला की घर पेटतं. घर वाचलं तरी त्या हातचं कोणी खात नाही. मी चपात्या विकते.

पुरुष काठ्या उगारून आले. एक दगड माझ्या खांद्याला लागला. कोणी मारला ते मी पाहिलं आहे, नाव सांगायचं नाही. मी घाबरले होते. हात वर होते ते वरच राहिले.

तेवढ्यात फोन बोलला, "छान! आज बरीच मंडळी आली आहेत. सगळ्यांचे हात वर आहेत, उत्तम. कोपर सरळ. पुढच्या गृहस्थांनी पाठ ताठ ठेवावी, नाहीतर कंबर धरेल."

पुढचे गृहस्थ म्हणजे सालोंगो. ते ताठ झाले. सगळ्यांच्या देखत झाले.

नालोंगो मागून कंदील घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगंबाई! वीस वर्षं मी घसा कोरडा केला, ताठ उभे राहा म्हणून. आणि आज फोनचं ऐकलंत होय!" मग मला निरखून म्हणाल्या, "नागडी कुठली? डोळे तपासून घ्या तुमचे. विजार आहे ती." पोरं हसायला लागली. काठ्या खाली आल्या. एक जण मात्र म्हणाला, "भूत फोनात आहे, तोच जाळा." तेवढ्यात गावाचे चेअरमन आले. त्यांनी फोन ताब्यात घेतला आणि दोन्ही बाजूंना आज इथे बोलावलं.

काल दिवसभर आणि आज सकाळी माझ्या टपरीवर कोणी फिरकलं नाही. माझं रोजचं गिऱ्हाईक, भाड्याने माणसं नेणारा बोडाबोडावाला, मोटारसायकल थांबवायचा सोडून मान फिरवून गेला. मला फार लागलं ते. दगडापेक्षा जास्त. उरलेल्या चपात्या टोपलीत घेऊन मी इथे आले आहे.

हा जबाब चालू असताना नालोंगो आत आल्या आणि विचारलं, "किराबोची आई, आहेत का गं शिल्लक?" एक घेतली, चौकीच्या दारात उभं राहून सगळ्या रस्त्यासमोर अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी सोबत आलेल्या सालोंगोंच्या हातात दिली. "खा. का पुन्हा फोनला सांगायला लावू?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्ली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. फोन परत मिळावा. उद्यापासून व्यायाम संध्याकाळी पाचला शाळेच्या मैदानावर, उजेडात करणार आहे. नालोंगो येणार म्हणाल्या आहेत. आणखी कोणाला बघायचं असेल त्याने समोर येऊन बघावं.

हे सगळं मला लुगांडातून मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. वाचन चालू असताना सालोंगोंनी स्वतःहून आणखी एक चपाती मागितली, ते माझ्या सांगण्यावरून शेवटी वाढवलं आहे.