सांगू तिथे सही

(कोर्टाच्या व्हरांड्यात.)

वकीलबाई : पुन्हा सांगते. आज न्यायाधीश फक्त पोलिसांचे कागद बघतील. त्यावरून तुमच्यावर खटला चालवण्याजोगं काही दिसलं नाही, तर खटला सुरू व्हायच्या आधीच तुमचं नाव वगळतील. आपली बाजू मांडायची ही वेळच नाही.

स्टोअरकीपर : मग माझं म्हणणं ऐकणार कधी?

वकीलबाई : खटला चालला तर. काही वर्षांनी.

बायको : तोवर लोकांचं बोलणं कोण ऐकून घेणार? अहो, बाई म्हणतायत तसं करा ना.

स्टोअरकीपर : मी कुठं नाही म्हणतोय? पण नाव वगळायच्या या अर्जात हे काय लिहिलंय? ‘अर्जदारास मालाच्या वजनातले काही कळत नव्हते. वरिष्ठ सांगतील तिथे तो सही करीत असे.’ बाई, तांब्याच्या तारेचं रीळ काट्यावर चढवायच्या आधी नुसतं हातानं हलवून मी सांगायचो, माल कमी आहे म्हणून.

वकीलबाई : हे वाक्य यापुढे कुणासमोरही बोलू नका.

स्टोअरकीपर : का?

वकीलबाई : कमी आहे हे कळत होतं, तर पूर्ण वजनाच्या पावतीवर सही का केलीत? म्हणजे मॅनेजर आणि तार पुरवणारा यांच्या चोरीत तुम्हीही सामील. पोलिसांना हेच तर हवंय.

स्टोअरकीपर : मॅनेजरला मी बोललो होतो. तो म्हणाला, सही कर, पुढच्या मालात भरून येईल. नाही आलं. मग मालकांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

वकीलबाई : मालकांच्या जबाबात ते नाही.

स्टोअरकीपर : मग काय आहे?

वकीलबाई : अर्जात आहे तेच. मी मनाचं नाही लिहिलं. ‘स्टोअरकीपर सांगकाम्या आहे, त्याला व्यवहारातलं काही समजत नाही.’ फिर्याद देणाराच असं म्हणतोय, म्हणून तर आपला अर्ज टिकणार आहे.

स्टोअरकीपर : मालक म्हणाले असं?

बायको : तुमच्या नशिबानं म्हणाले.

स्टोअरकीपर : अगं, सगळ्या गोदामाच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन ते परगावी जायचे.

बायको : किल्ल्या खुंटीलाही टांगतात.

वकीलबाई : आता पुकारा होईल. अर्ज चालवू की मागे घेऊ?

बायको : चालवा. त्यांना काय विचारताय?

वकीलबाई : त्यांनाच विचारावं लागतं.

स्टोअरकीपर : चालवा.

(पुढच्या तारखेला, कोर्टाच्या त्याच व्हरांड्यात.)

वकीलबाई : झालं. तुम्ही दोषमुक्त. खटला आता त्या दोघांवरच चालेल. कदाचित तुम्हाला साक्षीला बोलावतील.

स्टोअरकीपर : तेव्हा सांगू ना खरं?

वकीलबाई : काय सांगणार? मला सगळं कळत होतं? परत आरोपी म्हणून उभे राहाल.

स्टोअरकीपर : म्हणजे जन्मभर कळत नव्हतं.

वकीलबाई : कोर्टापुरतं हो.

बायको : मरू दे ती साक्ष. बाई, कामावर परत घेतील का यांना?

वकीलबाई : मालकांना पत्र देऊन बघू. आदेशाची प्रत जोडू.

स्टोअरकीपर : नको. काही न कळणारा स्टोअरकीपर कोण ठेवतो?

बायको : आता रुसून बसा. वर्षभर दारात पोलीस यायचे तेव्हा तोंड मी दाखवत होते शेजाऱ्यांना. तुम्ही आतल्या खोलीत.

स्टोअरकीपर : कुठं नाही म्हणतोय.

बायको : तेच तर. कधीच ‘नाही’ म्हणत नाही तुम्ही. मॅनेजरला एकदा ‘नाही’ म्हणाला असतात, तर इथं आलोच नसतो.

वकीलबाई : मी प्रतींचं बघून येते. बसा तुम्ही.

बायको : ...लागलं का तुम्हाला?

स्टोअरकीपर : खरं तेच बोललीस.

बायको : जावयांना फोन लावते. आपल्या पोरीला वर्षभर माहेरी पाठवलं नाही त्यांनी. आता तरी पाठवतील.

स्टोअरकीपर : लाव.

बायको : काय सांगू?

स्टोअरकीपर : सांग, सुटले.

बायको : कसे सुटले, विचारलं तर?

स्टोअरकीपर : म्हणावं, त्यांना काही कळत नव्हतं.