शुक्रवारची आजी

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये, अरबीत अर्ज टाइप करून देणाऱ्या दुकानात गरोदर, सहावा महिना लागलेली उर्मिला नंबराची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावरून मराठी कानावर आलं, आणि तिने हातातलं मासिक मिटलं.

"कुमुदकाकू, नियम अजून आलेला नाही. आत्तापासून अर्ज कसला?"

"आल्यावर पळापळ नको, तनया. घरी मुलं सांभाळायला लायसन्स लागणार, तपासणीला माणसं येणार. आणि चाराच्या वर मुलं ठेवायची नाहीत म्हणे."

"तुमच्याकडे तर पाच आहेत."

"म्हणून तर चार दिवस घास उतरत नाहीये."

"माझ्या अंशला काढा. मी बघीन काहीतरी."

"काय बघशील? सातला तुझी ऑफिसची बस. आणि भातात तुपाचं तळं केल्याशिवाय तो तोंड तरी उघडतो का?"

"मग जुळ्या?"

"त्यांतली कुठली काढू? आणि पाचवं तर अजून रांगतंय."

"मग राहिलं कोण? काकू... उर्वी? अहो, ती तुमची सख्खी नात!"

"आपलं मूलही मोजतात म्हणे. सुनेला सांगितलं, तिला नर्सरीत घाल."

उर्मिलाचा नंबर पुकारला. तिने शेजारच्या बाईला पुढे जायची खूण केली.

"उर्वी काय म्हणाली?"

"'आजी, व्हाय ओन्ली मी?'"

"मग?"

"म्हटलं, शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी, इथे कुणी नसतं. शुक्रवारची आजी तुझ्या एकटीची."

"समजलं तिला?"

"ओके म्हणाली. आणि जाताना दुपारच्या झोपेची उशी माझ्याकडेच ठेवून गेली."