साडेबारा किलो हवा

आमच्या ह्यांच्या हिशेबाचं कौतुक मला सांगू नका. धाकट्या दिराचं लग्न, मुहूर्त तासावर आलेला, नवरदेव मागून आणलेल्या मोटारीत. मालकाने बजावलेलं, टायरात अठ्ठावीस पौंड हवा भरा. पेट्रोल बंकावरच्या नव्या काट्यावर मात्र किलो!

हे म्हणाले, “एका किलोचे सव्वादोन पौंड. म्हणजे साडेबारा किलो भरू.”

“अहो, हवा आहे ती, साखर नव्हे!”

“तू चौथी शिकलेली. गप्प बस.”

बंकवाला “साकू स्वामी, बस्स! अठ्ठावीस पौंड दाब म्हणजे दोनच किलो!” म्हणत धावला, तोवर टायर फुटला होता.

घोड्याच्या जटक्यातून मल्लेश्वरमला लग्नघरी पोचलो, मुहूर्त कसाबसा गाठला. विहीणबाई दारातच म्हणाल्या, “मोटारीने येणार होतात ना, अक्का?”

मी म्हटलं, “येणारच होतो. पण आमच्या ह्यांनी हवा तराजूत तोलली.”