आक्काचा आजार अल्पसा नव्हता

माईक जरा खाली घ्या, मी काय तितकी उंच न्हाई. हां, आता बरं झालं.

जमलेल्या समद्या आयाबायांनो, बापलेकांनो, चौसाळ्याहून आन् आसपासच्या गावांवरनं आलेल्या पाव्हण्यांनो, तुमाला हात जोडते. उनातान्हात कामं टाकून आलात. मी रुक्मीण. कुसुमआक्काची धाकटी जाऊ. अठ्ठावीस वर्सं एका अंगणात काढली आमी. आपल्या महिला दूध संस्थेच्या सभेत मी कधी तोंड उघडलं न्हाई. आक्का चेअरमन व्हती, ती बोलायची, आन् तिचं झालं की बोलायला काय उरायचंच न्हाई. आज तिच्याबद्दल बोलायचं म्हणलं तर जीभ उचलंना. चुकलं-माकलं पदरात घ्या.

माझ्या मागं हा बोर्ड लावलाय. फोटू झ्याक हाय. पण खाली लिवलंय, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. ज्यानं लिवलं त्यानं प्रेमानंच लिवलं आसंल, समद्यांच्याच बोर्डावर तसं लिवतेत. पण बाबांनो, अल्पसा कुठला? दोन वर्सं मी तिच्या पोटाला लावलेली शौचाची पिशवी साफ केलीय. आक्काला आतड्याचा कॅन्सर झालता. मोठ्या आतड्याच्या शेवटाला, शौचाच्या जागेच्या वर. बघा, मी हे बोलले आन् पुढच्या वळीतल्या चार जणांनी मान खाली घातली. घाला. मी बी लई दिस घातलती.

हे मी माझ्या मनानं बोलत न्हाई. शेवटच्या आठवड्यात आक्कानं मला जवळ बसवलं. म्हणली, "रुक्मे, मी गेल्यावर हे लोक सभा घेतील. मी किती कष्टाळू, किती मायाळू, ते सांगत्याल. तू उठ, आन् मी कशानं मेले ते सांग. शेणाचं सांगायला आपण कधी लाजलो का? मंग ह्याचं सांगायला कावून लाजायचं?" मी हूं म्हणलं. हूं म्हणलं म्हणून आज उभी हाय.

तर शेणाचंच सांगते.

त्या दुष्काळात आपल्या संस्थेनं चारा छावणी काढलती, ते इसरला न्हाई ना? तळ्याच्या पोटात जनावरं बांधली व्हती. तळ्यात पाणी न्हवतंच, दावणी व्हत्या. आक्का रोज सकाळी वळीनं फिरायची. वैरण किती खाल्ली ते बघायची न्हाई. शेण बघायची. म्हणायची, "जनावर मुकं आसतं, शेण मुकं नसतं." पारबती, तू बसलीस ना तिथं? तुझ्या तांबड्या गायीच्या शेणात रक्ताची रेघ दिसली तवा आक्कानं छावणी डोक्यावर घेतली. मोटारसायकल पळवली, डॉक्टर आणला. तासाभरात गायीला सुई लागली. ती गाय आजबी हाय. परवाच व्याली.

आन् बायांनो, त्याच दिसांत आक्काला सवताच्या शौचातून रक्त जात व्हतं. ती झुडपाआड बसायची, बघायची, आन् वरनं पायानं माती लोटायची.

हे मला तवा ठावं न्हवतं का? ठावं व्हतं. हीच तर गोष्ट हाय. तिच्या लुगड्याला डाग मीच पाहिला, धुणं धुताना. आन् मी काय केलं? मी चेष्टा केली! म्हणलं, "आक्का, ह्या वयात परत पाळी सुरू झाली का काय तुमची?" आक्का हासली. म्हणली, "गप गं. मूळव्याध हाय. उन्हाची उष्णता." मला बी तेच बरं वाटलं. मी तिला सब्जा भिजवून दिला, ताक दिलं. मी युसूफ वडगाव गावाला पाव्हण्यांकडं गेलते, तिथल्या बाजारातून एका वैदूची पुडी आणली. पुडी घेतली की आठ-धा दिस रक्त थांबायचं. मंग आमी दोघी म्हणायचो, लागू पडली. परत सुरू व्हायचं. परत पुडी. आसं आठ महिने. ती वाळत चालली, मी म्हणलं दुष्काळ हाय, कोण वाळत न्हाई? तिला धाप लागायची, मी म्हणलं छावणीची दगदग. समद्याला कारण व्हतं माझ्याकडं. गायीला एक तास, आन् आक्काला आठ महिने. ते आठ महिने माझ्या गळ्यात हायेत. मी ते उतरवून ठिवायला आले न्हाई, दाखवायला आले.

शेवटी दुधाच्या टेम्पोतनं तिला बीडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई लई चांगल्या व्हत्या. मी त्यांना सरळ इचारलं, "वाचंल का?" त्या म्हणल्या, "मावशी, खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. पण हा आजार किती लवकर सापडला यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. आतड्यातच असता तर गोष्ट वेगळी होती. आता तो यकृतात गेलाय." मी म्हणलं, "आठ महिन्याखाली आणलं आसतं तर?" त्या म्हणल्या, "हा प्रश्न आता स्वतःला विचारू नका. दुसऱ्यांना विचारा." तवा मला कळलं न्हाई. आता कळतंय.

ऑपरेशन झालं, पोटाला पिशवी लागली. शौच तिच्यात. आक्काला वाटलं आता चारचौघांत उठणं-बसणं संपलं. आन् पिशवी साफ करायला पाणी लागतं, टँकर तर आठवड्यानं यायचा. मी कुणालाच काय सांगितलं न्हाई. पण घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी एक भरलेली घागर. तिसऱ्या दिशी दोन. कोण ठिवतंय म्हणून मी इचारलं न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. सवताच्या लेकरांच्या आंघोळी राहिल्या आसतील, पण तुमी घागरी ठिवल्या. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, ह्यांची तब्येत आमच्या अंदाजापेक्षा बरी टिकली. अवो, टिकणारच. गावानं पाणी घातलं व्हतं.

मंग आक्का परत सभेला आली, पिशवी पदराखाली घेऊन. आठवतंय? दूध गोळा करायची येळ बदलायचा ठराव चालला व्हता, समदे गप, आन् तिच्या पोटातनं मोठा आवाज आला. जो तो जमिनीकडं बघाया लागला. आक्का माईकवर म्हणली, "बघा, ठरावाला अनुमोदन मिळालं." काय हासलो आपण! पारबती तर खुर्चीवरनं खाली आली. ठराव एकमतानं मंजूर.

पण हट्टी बी तितकीच. सलाईनच्या औषधाचे दोन डोस तिनं चुकवले. मी भांडले, पाया पडले. ती म्हणायची, "छावणी बंद व्हायलीय, जनावरं ज्याची त्याला मोजून द्यायचीत, मंग जाऊ." डॉक्टरीणबाई तिच्यावर चिडल्या. एवढी शांत बाई, पण चिडल्या. त्या दोन डोसांनी किती फरक पडला, देव जाणे. मी फक्त सांगते की ते चुकले. आक्का, तुमी लई शहाण्या व्हतात, पण तिथं चुकलात. आज बी राग येतो मला तुमचा.

आता शेवटचं बोलते. ह्याच्यासाठीच आज मी उभी राहिलीय.

डॉक्टरीणबाईंनी इचारलं व्हतं, घरात आणखी कुणाला? आक्का म्हणली, "आई पोटानं गेली. रक्ताची हगवण." हगवण कशाची वो, दोन वर्सं चालली व्हती. तवा नाव न्हवतं, एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणल्या, ज्या घरात हे आसतं तिथं पाठच्या-पोटच्यांना जास्त धोका, त्यांनी दुखण्याची वाट न बघता दुर्बिणीनं तपासून घ्यावं. आमच्या सुनीतानं, आक्काच्या लेकीनं, तपासून घेतलं. चांगलं निघालं. राहिला पाठचा भाऊ.

दादा. चकलांब्याहून तुमी आलात, तिथं खांबाला टेकून बसलात. मला दिसताय. दहाव्याच्या दिशी मी तुमाला इचारलं, तपासायला कवा जायचं? तुमी म्हणलात, "मला काय झालंय? थोडी मूळव्याध हाय. उष्णतेची." दादा, माझ्या हातातला तांब्या पडला. तेच शब्द. तीच उष्णता. तुमचं गुपित मी चारचौघांत बोलले. रागवा. आयुष्यभर बोलू नका माझ्याशी. पण त्यासाठी आयुष्य तर पाहिजे ना दादा?

मूळव्याधच आसंल. आसू द्या, देव करो आन् मूळव्याधच निघो. पण ते डॉक्टरनं सांगावं. तुमी न्हाई, मी न्हाई, आन् वैदूनं तर न्हाईच न्हाई.

आज मुक्काम करा. उद्या सकाळी साडेसहाला दुधाचा टेम्पो बीडला निघतो. आक्कानं पंधरा वर्सं त्यात क्यान चढवले, आन् सवता बसली ती आठ महिने उशिरा. पुढची शीट मी तुमच्यासाठी धरलीय. शेजारी मी बसते. येताय का?

मान हलवून भागत न्हाई. तुमची बहीण बी मानच हलवायची. तोंडानं बोला.

...ऐकलं का समद्यांनी? "येतो" म्हणलेत.

आता उभं राहूया. दोन मिनिटं कुणी काय बोलू नका. एवढीच दोन मिनिटं गप राहायचं, ह्याच्यानंतर न्हाई.

आक्का, दादा येतो म्हणलेत. तुमी निवांत जावा. हात जोडते.