डाव्या हाताचं गाणं

इस्पितळातल्या फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर शिंपीणबाई आपला आखडलेला उजवा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाकावर शेजारी दोघांचं बोलणं चाललं होतं: चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे मास्तर आणि एक तरुण सुतार. दोघांचाही उजवा हात लुळा पडलेला.

"मास्तर, अजून वाजवता?"

"वाजवतो की. डाव्या हाताने, रखडत."

"लोक काही म्हणत नाहीत?"

"पहिल्याच रविवारी गाण्याच्या मधोमध बोटं अडली. वाटलं, उठावं आणि मागच्या दाराने पळावं."

"मग?"

"मागे सगळे गप्प उभे. मला सूर सापडेपर्यंत एकानेही पुढची ओळ घेतली नाही."

"त्यापेक्षा देवाने हातच बरा केला असता तर?"

"रोज मागतो. भांडतोसुद्धा त्याच्याशी. हात काही दिला नाही अजून. पण जन्मभर मी लोकांकडे पाठ करून वाजवलं रे. ते माझ्यासाठी थांबतील, हे मला कुठे माहीत होतं? येशूचाही क्रूस वाटेत दुसऱ्याने उचलला होता. इतकी वर्षं ही गोष्ट नुसती ऐकत आलो, कळली आत्ता."

"माझ्यासाठी कोण थांबतंय, मास्तर?"

तेवढ्यात दारातून नर्सबाईंनी सुताराला हाक मारली. तो उठला, तशी गळ्यातल्या झोळीची गाठ सुटली आणि हात खाली लोंबला.

"मास्तर, हे टोक तुम्ही धरा," शिंपीणबाई पहिल्यांदाच बोलल्या. "दुसरं मी ओढते."

"अहो, चला लवकर!"

"थांबा, सिस्टर," सुतार म्हणाला. "दोघांचे मिळून दोनच हात आहेत. वेळ लागणार."